जरा

सोत्कामोच्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये बर्फ नसतो,
तरी मुलं स्कीइंग करतात.
पायाखाली दोन पट्ट्या, पट्ट्यांना चाकं,
आणि काठ्यांची टोकं डांबरावर
टिक, टिक, टिक,
कुणी घाईघाईने टीप मारत चालल्यासारखी.

मी व्हॅनच्या मागच्या फळीवर बसते,
मांडीवर एकेक टाच घेते.
सकाळी सहाला टाचा गार असतात, कोरड्या,
कुणाची कातडी रात्रीच्या सौनानं अजून मऊ.
चिकटपट्टी आधी तळहातांत धरून कोमट करायची,
मग कोपरे कापायचे, गोल.
चौकोनी कोपरा मोज्यात अडकतो,
सुटतो, त्याची गुंडाळी होते,
आणि कुंपणच शेत खातं.

आत पातळ मोजा, उलटा, शिवण बाहेर.
त्यावर लोकरीचा. घासायचंच असेल
तर मोज्यानं मोज्याला घासावं.
नाडी घोट्याशी घट्ट, बोटांपाशी सैल.
नवे बूट आधी आठवडाभर घरात वापरा,
त्यात भांडी विसळा, गृहपाठ करा.
(ओइवाची आई म्हणते, तो झोपलासुद्धा.)

एवढं करूनही
बूट चावतो.
पहिल्यांदा नुसती ऊब. नाण्याएवढी.
तिथेच थांबायचं.
पुढच्या चढावर त्या नाण्यात पाणी भरतं,
आणि आठवडा जातो.

म्हणून मी नियम केला:
ऊब जाणवली की काठी वर करा.
पाच आठवडे एकही काठी वर गेली नाही.
इकडे दुखतंय म्हणणं म्हणजे
दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवायला मागणं.
व्हॅनमध्ये मात्र मोजे सोलताना
कातडीही सोबत यायची.
सगळ्यात जास्त हेल्काची. भावाचे जुने बूट,
एक नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं.
दुखतं का विचारलं की खिडकीबाहेर बघायची.
एकदा तळपायाची आग माझ्याच मस्तकात गेली,
ओरडले तिच्यावर.
दुसऱ्या दिवशी ती घरूनच पट्टी लावून आली.
चौकोनी.

उर्हो त्यांना शिकवतो. वय अडुसष्ट,
कागदगिरणीतून निवृत्त.
त्याच्या तरुणपणातली एक शर्यत गावात सांगतात:
शेवटी बूट उलटा केला, तर रक्त सांडलं.
तो स्वतः ही गोष्ट कधी सांगत नाही.
दुसरं कुणी सांगत असलं
तर अडवतही नसे.

गुरुवारी, अकराव्या किलोमीटरला,
उर्होनं काठी वर केली.
मला वाटलं, छातीत काहीतरी.
तिथे दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी ओटा आहे,
दुधाची गाडी यायची बंद झाली, ओटा राहिला.
त्यावर बसला. बूट काढला. मोजा काढला.
मुलं भोवती, चाकं गवतात.
टाच पिवळी, जुन्या साबणासारखी कडक,
आणि तिच्यावर काही नाही.
अगदी वाकून पाहिलं तेव्हा गुलाबीसर,
किंवा तेही नाही, माझ्या जाकिटाचा रंग पडला असेल.
"इथे," तो म्हणाला. "ऊब."

मी पट्टी कोमट केली. कोपरे गोल कापले.
तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात,
फोड आल्यावर कोण जपत नाही?
न आलेल्या फोडाला जपताना
माझेच हात अवघडले.
कुणी हसलं नाही.
डास मात्र पोटभर जेवले.

सोमवारी दोन काठ्या वर. बुधवारी एकही नाही.
शुक्रवारी पाऊस, दोनदा मोजे बदलले,
ओले मोजे आरशाला टांगून व्हॅन चालवली.
हेल्कानं काठी वर केली नाही.
आजवर केलेली नाही.
पण ओट्यापाशी तिची टिकटिक मंदावली,
ती माझ्या खिडकीच्या बरोबरीला आली,
आणि रस्त्याकडेच बघत म्हणाली,
"जरा."

मी व्हॅन कडेला घेतली
आणि कात्री शोधू लागले.