मे महिन्यात वीसच

खुर्चीत आज भाग्या गड्डम बसलीय.
चार वर्षं ती या खुर्चीच्या मागे उभी होती,
माझे ब्रश धूत, तोंडात पिना धरून
नवरीच्या मामीला सांगत, "पंख्यासमोरून सरका की हो."
आज तीच नवरी,
आणि डोळे मिट म्हटलं तर मिटत नाही.

पहाटेचे चार. साखर पेठेतलं कार्यालय,
खोलीत एकच ट्यूब, तीही निळसर.
"अक्का, या उजेडात लाल कमी दिसतं.
हात आखडता घे."
माहितेय गं, म्हटलं,
आणि गालावरची लाली थोडी पुसून काढली.

मी शिकवलेलं सगळं आज मलाच ऐकवालीय:
बर्फ थेट गालाला नाही, टॉवेलात गुंडाळून,
टॉवेल आपल्याच गावचा, तिच्या काकाच्या मागावरचा.
बेस थापायचा नाही.
ओल्या स्पंजनं टिपत टिपत जिरवायचा,
पातळ, मग थांबायचं, मग पुन्हा पातळ,
सुताला खळ देतात तसा.
(खळ तिची. मी आपलं नुसतं पातळ म्हणायचे.)
डोळ्यांखाली आधी नारिंगी, मगच कातडीचा रंग,
काळ्यावर गोरं घातलं की राख दिसते.
मान विसरायची नाही. कानाच्या पाळ्या तर नाहीच नाही.

आणि सगळ्याच्या आधी, रडायचं असेल तर आत्ता रड.
बेस लागला की नाही.
प्रत्येक नवरीला मी दहा मिनिटं देते, घड्याळ लावून.
कुणी रडतं, कुणी मोबाइल बघतं,
कुमठा नाक्याची एक त्या दहा मिनिटांत
तोंड उघडं टाकून झोपली होती.
भाग्यालाही दिली.
तिनं माझी पेटी ओढली
आणि एकेका बाटलीचं टोपण घट्ट करत बसली.

यांच्यात मुहूर्ताला जिरं नि गूळ वाटून
एकमेकांच्या डोक्यावर धरतात.
त्रेचाळीस डिग्रीत गूळ डोक्यावर किती वेळ राहणार?
दत्तनगरच्या एका लग्नात तो
नवरीच्या भुवईपर्यंत उतरलेला,
अल्बममध्ये अजून आहे.
वर बाशिंगाचा दोरा. तो बेस कापतो,
सोडला की कपाळावर रेघ, वहीतल्या समासासारखी.
त्या रात्री आम्ही दोघी पायरीवर बसून
गार झालेला भात खात ठरवलं:
केसांच्या काठाला एक थर जास्त,
वर पावडरीचा बांध.
हे कुठल्याच कोर्सात नाही.

पापण्या राहिल्या.
पट्टीला डिंक लावला, चिमट्यात धरली, मोजायला लागले.
तीस. मी तीसच मोजते, पहिल्यापासून.
ती मिटल्या डोळ्यांनी माझ्याबरोबर, तिच्या भाषेत:
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू...
बाहेर कुणीतरी माइक ठोकून बघत होतं.
इरवैला ती थांबली.
"बस अक्का. मे महिन्यात वीसच.
तीसला वाळून जातो."

लावली.
बसली, जन्मापासूनची असल्यासारखी.
म्हणजे चार वर्षं ही मागे उभी राहून
वीसच मोजत होती,
आणि मला वाटायचं, पोरीचा हात घाई करतो.

गूळ आला. पाघळला.
केसांच्या काठाशी येऊन थांबला.
मी खांबाआडून तेवढं बघितलं, जेवायला थांबले नाही.

आता ती भिवंडीला.
तिथली हवा दमट,
तिथं किती मोजायचं ते तिचं तिला कळेल.
मला उद्या मंगळवेढ्याची नवरी, साडेतीनला निघायचंय.
घरी येऊन पेटी आवरायला घेतली,
तर टोपणं इतकी घट्ट
की एकही उघडेना.