पाण्याला वास येतोय

मोनव्वा भांडायला उभी राहिली की म्हणायची,
‘तुझा वाखा झाला!’
आम्ही हसायचो. वाखा म्हणजे काय
तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं.
शिवी होती नुसती,
वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

मी पंचायतीचा वॉटरमन. पहाटे साडेचारला
मारुतीच्या कट्ट्याजवळचा व्हॉल्व्ह फिरवतो,
मग कुंभार गल्ली, मग माळ.
टाकीत ब्लीचिंग कालवून सोडायचं, हेही माझंच.
हळदीच्या दिवशी सुताराच्या मांडवातनं निरोप आला:
‘भरमा, पाण्याला वास येतोय की रे,
चहा तोंडात घालवंना.’
चार माणसांचा शब्द. मी डबा झाकला.
दोन दिवस.
तीन म्हणा.

त्याच आठवड्यात उसाच्या ट्रॅक्टरखाली
गटारीतला पाइप दबला होता.
बघितलेला मी. सायकलची ट्यूब गुंडाळली,
वर दोन फरशा.

पहिल्यांदा मोनव्वाच.
तांदूळ धुतल्यागत पाणी, मोरीभर,
पोटऱ्यांत गोळे, डोळे आत,
आणि तो आवाज, गल्लीभर जायचा तो,
पार बसलेला.
सून म्हणाली, पाणी बंद करा,
घातलं की जास्तच होतंय.
बंद केलं.
हा झाकलेला दुसरा डबा.

सिस्टर शिवलीला गोकाकची. मराठी तिची मोजून दहा शब्द.
तिनं मोनव्वाची कातडी चिमटीत धरली, सोडली.
कातडी तशीच उभी,
घडी मोडायची विसरल्यागत.
‘नीरु!’ सिस्टर ओरडली.
हा शब्द इथं सगळ्यांना येतो.

उकळून गार केलेलं एक लिटर.
साखर सहा चमचे, सपाट. मीठ अर्धा.
तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाली, चाख.
‘कण्णीरिगिंत उप्पु बेडा.’
मी मोर्चाला गेलेला माणूस,
कन्नड पाटीवर डांबर फासलेला.
मला ते लगेच कळलं:
आसवांहून खारट नको.
चाखलं. बरोबर होतं.
कसं ठाऊक, विचारू नका.

दवाखान्यात दोन्ही हातांना बाटल्या, खाटेखाली बादली.
जितकं बादलीत, तितकं परत आत.
ह्याला इलाज म्हणतात, हे मला पटायला
अख्खी रात्र गेली.
पहाटे मोनव्वाला लघवी झाली
आणि सिस्टर अशी हसली, जणू घरात पाळणा हलला.

सात जण होते. सहा परत आले.
सुताराच्या नव्या सुनेचा भाऊ, वय नऊ,
हळदीला म्हणून आलेला.
रिक्षा काकतीच्या फाट्यापर्यंत पोचली होती.
त्याचं नाव मी अजून तोंडानं घेत नाही.

आता रोज शेवटच्या नळाखाली काचेची नळी भरतो,
दोन थेंब टाकतो, उजेडाकडं धरतो.
पिवळा चढेपर्यंत हलत नाही.
मोनव्वा दारातनं ओरडते,
‘वास येतोय रे पाण्याला!’
‘येऊ दे की,’ मी म्हणतो.
ती शिवीसाठी तोंड उघडते,
मिटते,
घागरीवर झाकण ठेवून आत जाते.