भट्टी

गावाचं नावच पेच. हंगेरीत, दक्षिणेला.
एकतीस वर्षं एटेल्का कपांच्या काठावर
निळी पानं काढत होती,
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.

आता शेजारच्या बोटोंडकडून घेतलेला जुना टॅबलेट,
एका कोपऱ्यात तडा.
तो म्हणाला, "नेनी, हात थरथरतो ना,
हे बटण दाबा, रेष आपोआप सरळ येते."
आली. गुळगुळीत,
दुसऱ्याच कुणाची तरी.
तिनं बटण बंद केलं.

तिचं खरं अडतं ते रंगापाशी.
कारखान्यात करडा लावायचा
आणि निळा निघेल असा भरवसा धरायचा.
मधे भट्टी, एक अख्खी रात्र.
सकाळी दार उघडताना सगळ्याजणी गप्प.
इथं निळा लावला की लगेच निळा.
पुसला की पुसला. तडकत नाही काही.
तिला हे जरा उद्धटच वाटतं.

म्हणून चित्र झालं की ती बघत नाही.
टॅबलेट ओट्यावरच्या फडक्यात गुंडाळून
पावाच्या डब्याशेजारी ठेवते.
"आत गेलं," म्हणते,
घरात ऐकायला कुणी नसताना.

सकाळी, कॉफी उतू जायच्या बेतात,
फडकं सोडते.
तेच पान. कालचंच.
देठापाशी किंचित कापरं.
तरी ती ते खिडकीशी नेते, तिरकं धरते,
काचेवर नखानं टिचकी मारते
आणि कान लावते.