शेवटचा अंक

टापा जंक्शनात मालगाडी आली पहाटे सव्वातीनला,
पूर्वेच्या खाणींतून, जळत्या दगडाने भरलेली.
उणे एकोणीस. पुढे कंदील घेऊन वाइके ओरुस्ते,
मागे मी, मिटायला आलेली पेन्सिल घेऊन.
ती डब्यांचे नंबर वाचायची, मी उतरवायचो.
नोकरीचा अकरावा दिवस.

एकविसाव्या डब्याशी ती थांबली.
६२७७३९१३.
"पहिला सहा, म्हणजे उघडा डबा.
रेल्वेला एवढंच ठाऊक."
आणि पोलादावर बोटांनी ठोठावू लागली,
आत कुणी आहे का, अशी.

दोन? विषम आहे, नाही.
तीन? अंकांची बेरीज अडतीस, नाही.
पाच दारातूनच परतला.
सात, अकरा, तेरा, सतरा,
कुणालाच दाद नाही.
चाराने भागून पाहिलं तर बाकी एक,
म्हणजे दोन वर्गांत वाटून घेईल असं वाटावं,
तर तेही नाही.

मग म्हणाली, "सोळा मिळव."
६२७७३९२९.
"सात हजार नऊशे तेवीसचा वर्ग. नेमका.
आणि सोळा चाराचा. आता बोल."
मी गारठलेल्या डोक्यात शाळेतला फळा शोधला.
वर्गातून वर्ग वजा:
एक जण चार पावलं अलीकडे, एक चार पावलं पलीकडे.
७९१९.
७९२७.
"दोन्ही मूळ," ती म्हणाली.
"पहिली बरोब्बर हजारावी. दुसरी तिची शेजारीण.
मधे कुणी राहत नाही."
हजारापर्यंत पोचायला तिला एकवीस हिवाळे लागले होते,
दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, स्टोव्हजवळ.

मला गप्प बसता आलं असतं.
पण नवा होतो, नियम ताजा पाठ होता:
एक सोडून एक आकडा दुप्पट करा,
दुपटीचे अंक सुटे करा, सगळं मिळवा,
दहाने नि:शेष भाग जायला हवा.
सदतीस आले.
"चाळीस हवेत," मी म्हणालो. "शेवटी सहा असणार.
रंगाऱ्याने तीन काढलाय."

वाइके काही बोलली नाही. नुसती वाफ.
सहा लावला की संख्या सम,
पहिल्याच टकटकीला दार सताड उघडं,
हजारावी नाही, शेजारीण नाही.
तीन आणि सहा, त्यांचा छत्तीसचा आकडा ठरलेलाच.

खडूने फुली तिनेच मारली.
रजिस्टरात मी सहा लिहिला,
फोरमनला निरोप, सकाळी रंगाचा डबा.
तिने दातांनी हातमोजा ओढला,
कोटाच्या आतून तेलकट छोटी वही काढली,
तीनसकट पुरा आकडा लिहिला, आणि पुढे:
असा डबा नाही. संख्या आहे.

वही आत गेली. कंदील वर उचलला गेला.
"बाविसावा," ती म्हणाली,
"लिही."