सात तासांची पावती

खिडकीवर पाटी आहे, दोन भाषांत :
देश सोडण्याचा कर, चाळीस ताला.
खाली बारीक अक्षरांत, जे कुणी वाचत नाही :
नुसतं विमान बदलणाऱ्यांना माफ,
टर्मिनलबाहेर पाऊल टाकलं नसेल तर.

म्हणजे बसून राहा, फुकट.
त्या निळ्या खुर्च्यांवर, बंद पडलेल्या पंख्याखाली
नऊ तास बसा, अठरा बसा,
तुम्ही आलाच नाहीत असं आम्ही धरून चालतो.
दाराबाहेर गेलात की आलात.
आणि आलेल्या माणसाला
पैसे मोजूनच जावं लागतं.

अकरा वर्षं मी हे समजावून सांगतेय.
जर्मन जोडपी समुद्रात डुंबून येतात,
ओल्या केसांनी हुज्जत घालतात.
एका पाद्र्याने तर चक्क घासाघीस केली.
त्याचं मला काही वाटत नाही.

लिउगा आला तो मंगळवार होता.
पागो पागोच्या कारखान्यात ट्यूना सोलणारा,
साबणाने न जाणारा वास हातांना.
पुढे ऑकलंड, मुलीकडे;
मध्ये आमचं फालेओलो, दुपारी एक ते रात्री दहा.
सव्वानऊला माझ्यासमोर उभा,
बुटांवर प्रवाळाची पांढरी खडी.
आमच्याकडे खडी म्हणजे पुरावा.
"बाहेर गेला होता?"
"नाही," म्हणाला. "घरी गेलो होतो."

साताप्वालाला. रमतगमत चालत.
घरासमोर आईचं थडगं, इथे सगळ्यांचं असतं तसं,
हाकेच्या अंतरावर.
पोरं त्यावर बसून पाढे म्हणतात,
ऊन चांगलं असेल तर चादरीही वाळतात.
तिला पुरलं तेव्हा याला रजा मिळाली नव्हती.
भावजयीने तारो वाढला, नारळाच्या दुधात शिजलेली पानं,
"अजून घे" तीनदा म्हणाली, चौथ्यांदा विचारलंच नाही, वाढलं.
निघाला, तोच संध्याकाळची घंटा झाली.
प्रार्थनेच्या वेळी गावातून कुणी चालत नाही.
मग रस्त्याकडेला बसून राहिला,
आपल्याच गावात, हात मांडीवर,
पुन्हा घंटा होईपर्यंत.
"तिथेसुद्धा ट्रान्झिटच," म्हणाला आणि हसला.

मी नियम वाचून दाखवला.
त्याने नीट ऐकला, मान हलवत,
जसं चर्चमध्ये ऐकतात.
मग विचारलं, रागाने नाही,
"आमच्या फालेला भिंती नाहीत, दार नाही.
मी बाहेर पडलो
ते नेमकं कुठून?"

माझ्या फॉर्मवर
त्याला रकाना नाही.

त्याच्याकडे सगळ्या अमेरिकन नोटा,
आणि पैसे बदलायची खिडकी आठलाच बंद.
शेवटी पहारेकरी तुइफाओने बदलून दिल्या,
दर जरा चढाच लावला;
मी पाहिलं, बोलले नाही.
तोवर लिउगाने वाकून बूट काढला,
मला वाटलं खडी झटकेल माझ्या काउंटरखाली.
त्याने ती ओंजळीत गोळा केली
आणि शर्टाच्या खिशात टाकली, बटण लावलं.

मी कार्बन घालून लिहिलं :
नाव. उड्डाण. रक्कम.
देशातलं वास्तव्य : सात तास.
शिक्का जरा जास्तच जोरात बसला.

पावती त्याने दिव्याकडे धरून वाचली, दोनदा.
म्हणाला, "कारखान्यात विचारतात,
तू गेला होतास का आईला भेटायला.
मी हो म्हणतो. ते हसतात.
आता कागद आहे."
घडी घालून ती खडीशेजारी ठेवली.
चाळीस तालांत महाग नाही, असंही म्हणाला,
पण ते बहुधा माझ्यासाठी.

दहाचं विमान सव्वादहाला गेलं.
अकराला मी गल्ला मोजला, दोन सेने जास्त भरले,
दिवा मालवला,
त्याच काचेच्या दारातून बाहेर पडले,
पायाखाली तीच खडी, करकर.
कुणी काही मागितलं नाही.

बेचाळीस वर्षं इथेच आहे मी.
माझ्याकडे कागद नाही.