कसंसं

डंडीत, रात्री अडीचला, मशीन माझा पेशंट होतं.
छातीत दुखतं म्हणतं, डाव्या हाताकडे जातं म्हणतं,
मी चुकले तरी चिडत नाही.
वर गुण देतं : सहानुभूती, दहापैकी नऊ.

सकाळी खाट चौदा. द्वारकाबाई ओगले, लेकाकडे आलेल्या.
मोराग टॅबलेट पुढे धरते : कुठे दुखतं?
"दुखत नाही गं. कसंसंच होतंय."
पडद्यावर इंग्रजीत उमटतं : बरं नाही.

मला मराठी येते ती जेवणाच्या टेबलापुरती.
तरी हात हातात घेतला.
तळवा गार, घामानं ओला.
"ईसीजी," मी म्हणाले, जरा मोठ्यानंच.

आज रात्री मशीनला तो शब्द दिला.
म्हणतं, म्हणजे नेमकं कसं?
अर्धा तास झाला.
कर्सर लुकलुकतोय.