बोटीसोबत सोपवते ते

येल्मर,
किल्ली पायरीपाशी रबरी बुटात आहे. उजव्या.
डाव्यात यंदा कोळ्यानं बिऱ्हाड थाटलंय,
त्याला राहू दे.

तू विचारलंस, बोटीवर काय काय हवं.
लाइफजॅकेट, पंप, जादा दोर
हे स्नेकचा दुकानदार सांगेलच, बिलासकट.
मी सांगते ते बिलात येत नाही.

किटली ठेव. शिट्टी मोडलेली आहे,
ती आता नुसती धापा टाकते.
नवी आणू नकोस.
नवीच्या शिट्टीनं लव्हाळ्यातली बदकं उठतात,
बदकांनी शेजारची बोट उठते,
आणि ती माणसं फार बोलकी आहेत.

चिल्लर जॅमच्या बरणीत, सुकाणूपाशी.
पुलावरचा माणूस गळाच्या काठीला
लाकडी बूट बांधून खाली सोडतो,
थेट तुझ्या नाकासमोर. चालत्या बोटीतून
त्यात नाणी टाकायची. नोट नको.
वीब्रननं एकदा टाकली होती,
आणि अख्ख्या कालव्यानं पाहिलं
पाच युरो कसे पोहतात.

लोकरी मोजे, दोन जोड.
एक घालायला, एक कधीच न घालायला.
कोरडा जोड डब्यात आहे
एवढं ठाऊक असलं
तरी पाय निम्मे गरम होतात.

गोधडी धुवू नकोस.
तिला डिझेलचा वास येतो, खरं आहे,
पण धुतलीस तर वासाबरोबर
आणखीही काहीतरी जाईल,
आणि मग ती फक्त गोधडी उरेल.

गरम पाण्याची रबरी पिशवी एकच आहे.
तुझ्या निन्केशी भांडण होईल. होऊ दे.
एवढ्याशा जागेत तोंड फिरवून
माणूस जाणार कुठे?
फार तर चुलीपर्यंत,
आणि चुलीपाशी गेलेला माणूस
चहाच करतो.

साखरेचा पाव शुक्रवारीच घे,
दालचिनीचा, आणि लोणी अंगठ्याएवढं जाड.
पाऊस लागला तर ताडपत्रीखाली बसून खा.
पाऊस लागेलच. हे फ्रीसलंड आहे.

वीब्रनची यादी वेगळी होती.
दोन दुर्बिणी, तीन नकाशे एकाच सरोवराचे,
सात पेचकस, त्यातला बसायचा एकच,
आणि अर्धी सोडवलेली शब्दकोडी,
ज्यात उभे शब्द चूक म्हणून आडवे अडलेले.
मी दिवसा उतरवून ठेवायचे,
तो रात्री परत चढवायचा.
दर हंगामात आमची बोट
बोटभर खाली बसायची.
मी पट्टी लावून दाखवायचे.
तो म्हणायचा, पाणीच वर आलंय.

पेचकस तसेच आहेत. बसणारा कुठला
ते मला कधीच कळलं नाही.
तुलाच शोधावा लागेल.

दोन वस्तू मी घरी नेल्या होत्या,
त्याचा चष्मा आणि त्याची टोपी.
चष्मा ठेवून घेते.
टोपी परत आणलीय, केबिनच्या दाराशी
त्याच खिळ्यावर अडकवली आहे.
घरात ती फार स्थिर लटकत होती.
इतकी की मला खोलीत जाववेना.

तुला घालायची गरज नाही, मोठी होईल.
पण वारा पडलेला असताना ती हलायला लागली
तर समज, मागून मोठी मालवाहू बोट येते आहे,
तिच्या लाटा आधी पोचल्यात.
बाजूला हो.
वीब्रन असंच ओळखायचा,
मागे वळून न बघता, पाय पसरून.
मी त्याला आळशी म्हणायचे.
अजूनही म्हणते.

नांगराची साखळी नवी आहे.
गॅसची नळी मात्र मार्चमध्ये बदलायला हवी,
विसरू नकोस.

सीत्स्के